ताटाला वाइनचा रंग कळत नाही

मासे असतील तर व्हाइट, मटण असेल तर रेड. वाइनविषयी ज्याला एकच गोष्ट माहीत असते, त्याला ही माहीत असते. हॉटेलातला वेटर हेच सांगतो, दुकानदार हेच सांगतो, वाइनची ओळख करून देणाऱ्या लेखांतही सुरुवातीलाच हे येऊन जातं. माझं म्हणणं असं की हा नियम चुकीचा आहे. ढोबळ आहे, वरवरचा आहे, असं म्हणून त्याला सोडून देता येणार नाही. तो चुकीच्या गोष्टीकडे बघायला शिकवतो. आणि भूमध्य समुद्राच्या काठावर, जिथे वाइन हजारो वर्षं रोजच्या जेवणाचा भाग आहे, तिथे तर तो पावलोपावली खोटा पडतो.

नियमाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे तीन मुद्दे असतात आणि ते तिन्ही दखल घेण्याजोगे आहेत. पहिला परंपरेचा: वाइन पिणाऱ्या देशांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून हे ठरवलं आहे, आपण कोण बदलणार? दुसरा शास्त्राचा: रेड वाइनबरोबर मासा खाल्ला तर तोंडात लोखंडासारखी, उग्र चव उरते, हा अनेकांचा अनुभव आहे. तिसरा सोयीचा: नवख्या माणसाला काहीतरी आधार हवा, आणि रंग तर कुणालाही दिसतो. एकेक मुद्दा तपासू.

परंपरेचा मुद्दा ज्यांच्या नावाने मांडला जातो, त्यांच्याच घरात जाऊन बघावं. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर लिव्होर्नो नावाचं बंदर आहे. तिथली ओळख म्हणजे काच्चुक्को: ऑक्टोपस, माकूल आणि खडकांतले काटेरी मासे लसूण, मिरची, टोमॅटो घालून शिजवलेला दाट रस्सा, खाली लसूण चोळलेला भाजका पाव. हा रस्सा रेड वाइनमध्ये शिजतो आणि त्याच्यासोबत पेल्यातही टस्कनीची कोवळी रेडच असते. ग्रीसच्या बेटांवर ऑक्टोपस रेड वाइनमध्ये मंद आचेवर शिजवतात; त्या पदार्थाच्या नावातच वाइन आहे, ख्तापोधी क्रासातो. सिसिलीत ट्यूना आणि स्वोर्डफिश टोमॅटो, ऑलिव्ह, केपर घालून करतात आणि त्याच्याबरोबर फ्रापातो या द्राक्षाची हलकी रेड थंड करून पितात. हे सगळे मासे खाणारे, दर्यावर जगणारे लोक आहेत. त्यांना नियम माहीत नव्हता असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे हा नियम नव्हताच.

आता उलट बाजू. रोमच्या दक्षिणेला टेकड्यांवर आरिच्चा हे गाव पोर्केत्तासाठी प्रसिद्ध आहे. हाडं काढलेलं अख्खं डुक्कर रोझमेरी, लसूण, मिरे भरून भट्टीत भाजतात. वरची कातडी कुरकुरीत, आतली चरबी वितळलेली. नियमाप्रमाणे याच्यासोबत रेड हवी. आरिच्चाच्या खानावळींत मात्र पोर्केत्ताच्या कागदाशेजारी त्याच टेकड्यांवरची व्हाइट येते, आणि ती तिथे का आहे हे पहिल्या दोन घासांत कळतं. चरबी जिभेवर बसते, आंबट थंड घोट ती धुऊन काढतो, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

आणि प्रोव्हान्सचं काय करायचं? दक्षिण फ्रान्सच्या या किनारपट्टीवर बहुतांश वाइन ना रेड असते ना व्हाइट. ती रोझे असते. उकडलेल्या भाज्या, खारवलेला कॉड आणि लसणाची दाट चटणी असा भरगच्च ‘आयोली’ तिथे वाढला जातो, आणि सोबतीला रोझेच येते. ज्या नियमात एका अख्ख्या प्रदेशाच्या मुख्य वाइनला जागाच नाही, त्याला परंपरेचा नियम कसं म्हणायचं?

परंपरा खरोखर आहे, पण वेगळी. या गावांत माणूस जवळच्या मळ्याची वाइन पीत आला. स्वयंपाक आणि वाइन एकाच मातीत, एकाच उन्हात, एकमेकांकडे बघत घडत गेले. फ्रान्समधल्या ‘तो’ नावाच्या खाऱ्या सरोवरात, बुझीगच्या आसपास, कालवं वाढवतात. त्याच सरोवराच्या काठावर पिकपूल द पिने ही लिंबासारखी आंबट व्हाइट होते. तिथे कुणी रंगाचा विचार करून जोडी लावलेली नाही. खाऱ्या, थंड, मांसल कालवांना आंबटपणा हवा होता आणि तो शेजारच्या बांधावर होता.

हा नियम खराही ठरतो, पण एका विशिष्ट ताटात: लोणी आणि सायीच्या सॉसमधला नाजूक मासा, त्याच्याशेजारी ओकच्या पिंपात मुरलेली, तुरट बोर्दो. ती जोडी खरंच वाईट आहे. पण एका स्वयंपाकघरातलं निरीक्षण उचलून साऱ्या जगाचा कायदा करणं हा घोटाळा आहे, आणि आपण तो कायदा कुठलीही उलटतपासणी न करता स्वीकारला.

दुसरा मुद्दा शास्त्राचा. तोंडातली ती उग्र, माशाच्या तेलासारखी चव खोटी नाही. फक्त तिचं कारण रंग नाही. जपानच्या मर्शियन या वाइन कंपनीतल्या संशोधकांनी २००९ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ३८ रेड आणि २६ व्हाइट वाइन स्कॅलॉप या शिंपल्याबरोबर चाखल्या आणि मग त्या वाइनचं रासायनिक पृथक्करण केलं. दोषी निघालं लोह. ज्या वाइनमध्ये लोहाचं प्रमाण लिटरला सुमारे दोन मिलिग्रॅमच्या वर होतं, तिथे माशाची उग्र चव ठळकपणे जाणवत होती. लोह बांधून निष्क्रिय केल्यावर ती चव दबली. लोह वाइनमध्ये येतं ते माती, यंत्रसामग्री, वाइन बनवण्याच्या पद्धती अशा अनेक वाटांनी. रेडमध्ये ते जास्त आढळण्याकडे कल असला तरी कमी लोहाच्या रेड असतात आणि जास्त लोहाच्या व्हाइटही असतात. म्हणजे ज्या अनुभवाच्या जोरावर नियम उभा आहे, त्या अनुभवाचं खरं कारण बाटलीच्या रंगावरून ओळखताच येत नाही.

दुसरा आरोपी टॅनिन. द्राक्षाची साल, बिया आणि लाकडी पिंपं यांतून येणारा हा तुरट घटक लाळेतल्या प्रथिनांना धरतो, म्हणून तोंड कोरडं पडतं. भाजलेल्या मांसातली प्रथिनं आणि चरबी असली की टॅनिन तिकडे वळतो आणि घोट मऊ लागतो. माशात अशी चरबी नसली, वर टोमॅटो किंवा अँचोव्हीसारखा उमामी चवीचा पदार्थ असला, की तुरटपणा आणि कडवटपणा दोन्ही अंगावर येतात. हे सगळं बरोबर. पण टॅनिन म्हणजे रेड, हे समीकरण चुकीचं आहे. भूमध्य किनाऱ्यावरच बघा. बांदोलची रेड कायद्याने किमान निम्मी मुर्व्हेद्र द्राक्षाची असावी लागते आणि किमान १८ महिने लाकडात मुरावी लागते. तिचा तुरटपणा दणकट असतो. नेपल्सच्या मागच्या डोंगरांतली अल्यानिको, उत्तर ग्रीसमधली क्सिनोमाव्ह्रो यांचीही तीच जात. पण सिसिलीची फ्रापातो, दक्षिण फ्रान्सची सँसो या द्राक्षांत टॅनिन इतका मऊ असतो की त्या रेडचं वागणं अनेक व्हाइटच्या जवळ जातं. उलट इटलीच्या ईशान्य टोकाला, ओस्लावियात, योश्को ग्राव्हनरसारखे वाइनकार रिबोल्ला या पांढऱ्या द्राक्षाचा रस सालींसकट महिनोन्‌महिने ठेवतात. बाटलीत उतरते ती केशरी, तुरट, जड वाइन. द्राक्ष पांढरं म्हणून ती वाफवलेल्या माशाबरोबर ओतली तर माशाचं काही उरणार नाही.

मग ठरवायचं कशावरून? आंबटपणा, तुरटपणा, अंगाचं वजन, मद्यार्क आणि गोडी. आणि ताटाच्या बाजूने: पदार्थ कसा शिजवला, त्यात आंबट किती, खारट किती, चरबी किती, तिखट किती. जिन्नस कोणता, हा प्रश्न यांच्यानंतरचा.

एकच ट्यूना घेऊ. ताजा, पातळ कापलेला, वर लिंबू आणि ऑलिव्ह तेल: इथे तुरट काहीही चालणार नाही. ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरची अस्सिर्तिको ही आंबट व्हाइट हवी, कारण लिंबापेक्षा वाइन कमी आंबट असेल तर ती पाण्यासारखी सपक लागते. तोच ट्यूना जाळीवर भाजला, कडा करपून किंचित कडू झाल्या, की गारव्यातून काढलेली फ्रापातो किंवा सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारांवरची कोवळी रेड त्या करपलेल्या चवीला साथ देते. सिसिलीच्या पद्धतीने भरपूर कांदा, व्हिनेगर घालून आंबटगोड केला, तर त्या गोडीपुढे कोरडी, तुरट रेड कडू पडेल. तिथे फळांच्या वासाची, भरलेली रोझे किंवा व्हाइट बरी. आणि टोमॅटो, ऑलिव्ह, केपर घालून रटरटवला, तर पुन्हा आंबट, हलकी रेड. मासा एक, पाककृती चार, उत्तरं निरनिराळी. नियमाकडे चारही वेळा एकच उत्तर आहे.

आता कोकराचं मांस. प्रोव्हान्समध्ये थाइम आणि लसूण लावून विस्तवावर भाजलं, तर बांदोल. इथे नियम आणि मी एकाच बाजूला आहोत, पण कारणं वेगळी आहेत. ग्रीसमध्ये ईस्टरच्या सुमारास तेच कोकरू हिरव्या पालेभाजीबरोबर शिजवून वर अंडं आणि लिंबाचा सॉस, अव्घोलेमोनो, ओततात. त्या लिंबापुढे तुरट रेड धातूसारखी लागते आणि अस्सिर्तिको खुलते. लेबनॉनमध्ये कोकरू दह्यात शिजवतात, लबन इम्मो म्हणतात त्याला. त्या आंबूस, मऊ रश्शाला बेका खोऱ्याची ओबैदे या स्थानिक द्राक्षाची व्हाइट शोभते. मटण म्हणजे रेड हे ज्यांनी पाठ केलं, त्यांच्या वाट्याला यांतलं एकच ताट आलं.

इथे आणखी एक आक्षेप येतो आणि तो जास्त जाणकार माणसांकडून येतो. भूमध्य प्रदेश उष्ण आहे; तिथलं द्राक्ष उन्हात पिकून गोड होतं, आंबटपणा गळून जातो, हाती येते ती जड, मद्यार्काने तापलेली वाइन; तिला कसली आली नजाकत? हा आक्षेप काही बाटल्यांपुरता खरा आहे. साडेचौदा-पंधरा टक्क्यांच्या, मोरावळ्यासारख्या गोडसर लागणाऱ्या रेड स्पेनच्या आग्नेय भागातून आणि दक्षिण इटलीतून भरपूर येतात. पण प्रदेशावर हा शिक्का मारणं अन्यायाचं आहे. एटनाच्या उतारांवर द्राक्षमळे हजार मीटरच्या आसपास चढतात; दिवसा ऊन आणि रात्री डोंगराचा गारवा, त्यामुळे तिथलं नेरेल्लो मास्कालेझे हे लाल द्राक्ष उशिरा आणि हळू पिकतं, तिथल्या कारिकांते या पांढऱ्या द्राक्षाचा आंबटपणा सुरीसारखा राहतो. बेका खोऱ्याचा तळच समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंच आहे. सांतोरिनीवर पाऊस जेमतेम, वारा बेफाम. म्हणून वेली जमिनीलगत टोपलीसारख्या वळवून वाढवतात, घोस आत सुरक्षित राहतात आणि समुद्रावरून येणारं धुकं पानांना ओलावा देतं. ज्वालामुखीच्या राखेच्या त्या मातीत फिलोक्झेरा ही वेलींचा संहार करणारी कीड तग धरू शकली नाही, म्हणून तिथल्या जुन्या वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. अशा कडक उन्हातही अस्सिर्तिकोचा आंबटपणा टिकतो. उष्ण म्हणजे बेचव, हा निष्कर्ष नकाशावरून काढलेला आहे. चाखून काढलेला नाही.

नियमाच्या दुसऱ्या टोकाला एक गट आहे, त्याचंही खंडन करायला हवं. ते म्हणतात, जोड्याबिड्या सगळं थोतांड. जे आवडेल ते प्या. ऐकायला हे उदार वाटतं. पण चवींचा एकमेकांवर होणारा परिणाम आवडीनिवडीच्या पलीकडचा आहे. आर्टिचोकमधलं सायनारिन अनेकांना पुढचा घोट गोड भासवतं, मग तुम्हाला वाइन आवडो न आवडो. मद्यार्क मिरचीची आग वाढवतो, कारण तिखट ओळखणारी जी संवेदी यंत्रणा आहे तिलाच तो चेतवतो. मीठ कडवटपणा दाबतं. म्हणूनच सार्डिनियात मलेटची खारवून वाळवलेली गाबोळी, बोत्तार्गा, ओरिस्तानोच्या व्हर्नाच्चाबरोबर खातात, आणि त्या वाइनमधला सुक्यामेव्यासारखा कडसर गंध सुरेख उघडतो. आवड तुमची असेल, पण जिभेचं काम आवडीवर चालत नाही. ‘काहीही प्या’ असं सांगणं म्हणजे नवख्याला चुकीच्या पाटीऐवजी पाटीच नसलेल्या रस्त्यावर सोडणं.

आता तिसरा मुद्दा, सोयीचा. नवख्याला सोपा आधार हवा हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणून रंगाच्या जागी तीन प्रश्न ठेवतो, आणि ते रंगाइतकेच सोपे आहेत. पदार्थ आंबट आहे का? असेल तर वाइन त्याहून आंबट निवडा. पदार्थात चरबी आणि भाजल्याची चव आहे का? असेल तरच तुरट वाइन आणा. पदार्थ तिखट आहे का? असेल तर कमी मद्यार्काची, तुरटपणा नसलेली, जमल्यास किंचित गोडसर वाइन घ्या. यांतल्या एकाही उत्तरासाठी कुठली पदवी लागत नाही. आपलं ताट आपल्याला माहीत असतं. बाटलीच्या बाजूला मद्यार्काची टक्केवारी छापलेली असते: साडेबारापर्यंत असेल तर वाइन बहुधा हलकी, साडेचौदाच्या वर असेल तर जड. द्राक्षाचं नाव किंवा प्रदेश वाचला की तुरटपणाचा अंदाज येतो. एवढं वाचायला दुकानात एक मिनिट पुरतं.

आपल्या ताटाचा विचार केला की हा फरक आणखी ठळक होतो. ‘मटण म्हणजे रेड’ या सल्ल्यावर विसंबून कोल्हापुरी तांबड्या रश्शाबरोबर साडेचौदा टक्क्यांची तुरट रेड उघडली, तर मिरचीची आग दुप्पट होते आणि वाइन नुसती कडू लागते. दोष रश्शाचा नाही, वाइनचाही नाही, सल्ल्याचा आहे. तिथे नाशिककडची किंचित गोडसर शेनिन ब्लां कितीतरी जास्त शहाणी निवड ठरते. गोव्याचं सोर्पोतेल व्हिनेगरने आंबट झालेलं असतं, म्हणजे त्याला आंबट वाइन हवी, मग ती कोणत्याही रंगाची असो. रवा लावून तळलेल्या सुरमईला मात्र भूमध्य किनाऱ्याचा धडा जसाच्या तसा लागू पडतो: कोरडी, आंबट, थंड व्हाइट. आणि अकलूजला तर सांजोव्हेझे हे मध्य इटलीचं द्राक्ष सोलापूरच्या उन्हात पिकतं आहे. टोमॅटोच्या आंबट रश्शाशी त्याचं जुनं सख्य आहे. मिरची बेताची असेल तर टोमॅटोतल्या माशाबरोबर त्याची रेड थंड करून चाखायला काय हरकत आहे?

थंड करून, हे मी मुद्दाम म्हणतो. रेड खोलीच्या तापमानाला प्यावी, हा त्याच नियमाचा जुळा भाऊ आहे. ते तापमान युरोपातल्या जुन्या, गार दगडी घरांचं. मुंबईच्या तीस अंशांत ठेवलेल्या रेडमधून मद्यार्काचा भपकारा येतो आणि आंबटपणा मरतो. हलकी रेड चौदा-पंधरा अंशांवर प्यावी. त्यासाठी ती आधी फ्रिजमध्ये ठेवावी. रेड माशाबरोबर जमत नाही असं म्हणणाऱ्या कित्येकांनी खरं तर गरम रेड माशाबरोबर घेतलेली असते.

हा वाद मला महत्त्वाचा वाटतो, कारण चुकीचा नियम फुकट बसत नाही. त्याच्यापायी लोक पैसे देऊन वाईट जेवतात आणि दोष स्वतःच्या जिभेला देतात. त्याच्यापायी हॉटेलांच्या वाइन लिस्ट आजही रेड, व्हाइट, रोझे अशा तीन रकान्यांत कोंबलेल्या असतात आणि फ्रापातोशेजारी अल्यानिको येऊन बसते, जणू दोघी एकाच कामाच्या. माझी मागणी साधी आहे. यादी हलकी ते जड अशी लावा, प्रत्येक नावापुढे आंबट, तुरट, गोडसर यांतलं एकेक विशेषण लिहा, आणि वेटरला पहिला प्रश्न बदलायला शिकवा. ‘मासे की मटण?’ असं त्याने विचारू नये. ‘कशात शिजवलेलं मागवताय?’ असं विचारावं. लिव्होर्नोच्या बंदरात, आरिच्चाच्या खानावळीत, ग्रीसच्या बेटांवर याच प्रश्नाचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या पेल्यात ओतलं गेलं आहे. परंपरेचा आधार घ्यायचाच असेल, तर ही घ्यावी.